कात्री सापडेना

दादा,

धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, एवढंच आईला सांग. बाकीचं तुझ्यापुरतं ठेव.

काल सामन्याआधी आमच्या संघाच्या खोलीत, मी खेळाडूंना टेप बांधते त्या टेबलावर कोण येऊन बसलं असेल? तुझा कोच! सुजलेल्या घोट्याला कडक टेप मारून ज्याने तुला फायनलला उतरवलं आणि तुझा खेळ कायमचा संपवला, तोच. आता तो समोरच्या संघाचा कोच आहे. त्याचा पाय मुरगळला होता आणि त्यांच्याकडे टेप बांधणारं कोणी नव्हतं. मला ओळखलंसुद्धा नाही.

टेप मी चोख बांधली, कामात खोट नाही. फक्त आधी पायावरचे केस काढले नाहीत आणि टेप कातडीला चिकटू नये म्हणून खाली लावतात तो फोम लावला नाही.

सामना संपल्यावर म्हणाला, "कात्रीने काप." म्हटलं, "कात्री सापडत नाहीये, सर." मग बोटबोटभर, सावकाश ओढली. मेला असा कोकलला की त्याचे खेळाडू धावत आले. फायनलला तो तुला म्हणाला होता तेच त्याला ऐकवलं, "एवढ्याने कोणी मरत नाही."

त्याने माझं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. मग मात्र त्याने मान वर केली नाही.

तुझा घोटा अजून ठणकतो का? जिना उतरताना कठडा धरत जा रे.

तुझीच,
धाकटी

ता.क. कात्री माझ्या खिशातच होती.