जयतीर्थ काय म्हणाले

१२ जून १९९४
पोचलो! बंगळूरची हवा ऐकली होती त्याहून गोड आहे. जूनमध्ये पंखा लागत नाही म्हणजे काय! मल्लेश्वरममध्ये रत्नाबाईंच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीशी सोनचाफा, खाली त्यांचं स्वयंपाकघर. त्यांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आली म्हणे, पण घरात अजून मराठीच, फक्त मध्येमध्ये कानडी पेरलेलं. "स्वल्प थांब रे, कॉफी घेऊन जा." इथं त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणू लागलो.
विमा कंपनीतली ही बढती साताऱ्यात कुणाला खरी वाटत नव्हती. मॅनेजरांना मी सांगून टाकलं, दोन महिन्यांत कानडी बोलतो की नाही बघा. अक्कांनी पहिला धडा दिला: बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. एवढ्यावर अर्धं बंगळूर निभतं, म्हणाल्या.

२३ ऑगस्ट १९९४
आज मॅनेजरांनी बोलावलं. लाचलुचपतवाल्या पोलिसांना उद्याच्या सापळ्यासाठी पंच हवाय. सरकारी नोकराला पैसे घेताना पकडायचं तर साक्षीला दुसऱ्या कचेरीतला माणूस लागतो. नवीन म्हणून माझं नाव गेलं. इन्स्पेक्टरनी विचारलं, कानडी समजतं ना? मॅनेजर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, चांगलं समजतं.
तक्रारदार रघुपती नावाचा दुकानदार. मुलाच्या जन्मदाखल्यासाठी वॉर्ड कचेरीतला कारकून पन्नास रुपये मागतो, अशी तक्रार. नोटेला एक पांढरी पूड लावतात. नोट हाताळलेली बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. गंमत वाटली.

२४ ऑगस्ट १९९४
काम झालं. मला दाराशी उभं केलं होतं. कारकुनाचं नाव जयतीर्थ. पन्नाशीचे, किडकिडीत, कपाळावर काळी रेघ, शर्टाच्या बाहीला व्यवस्थित रफू. रघुपती वाकून हळू काहीतरी बोलला आणि त्यानं नोट त्यांच्या मुठीत कोंबली. ते खुर्चीतून अर्धवट उठले, नोट परत सारली, काहीतरी म्हणाले. रघुपतीनं डोक्यावरून हात फिरवला. ती खूण होती. पोलीस आत शिरले.
ग्लासातलं पाणी गुलाबी झालं. जयतीर्थ इतर कुणाकडं नाही, माझ्याकडं बघत होते. मी सगळ्यात जवळ होतो म्हणून असेल.
इन्स्पेक्टर पंचनामा लिहिताना म्हणाले, "त्यानं 'बेकु' म्हटलं, ऐकलंत ना?" सगळे माझ्याकडं वळले. मी मान हलवली, सही केली. खोलीत पंखा खडखडत होता. नीट ऐकू आलं नसेल. माझं कानडी ते किती.

१९ फेब्रुवारी १९९७
अडीच वर्षांनी साक्ष झाली. मधल्या काळात कानडी इतकं आलं की भाजीवाल्याशी भांडतो. आरोपीच्या वकिलानं तीनदा विचारलं, "तुम्ही नक्की काय ऐकलंत?" तीनदा मी तेच सांगितलं. मागं फिरलो असतो तर पंचनामा खोटा, मी खोटा, मॅनेजरांपुढं कसा गेलो असतो?
कोर्टाबाहेर दोघं वकील बोलत होते. रघुपतीला मुलाचं वय एक वर्षानं कमी करून हवं होतं, जयतीर्थांनी नाही म्हटलं, त्याचा हा राग. मी बस येईपर्यंत खांबामागं उभा राहिलो, त्यांच्या घरच्यांची गाठ पडू नये म्हणून.

२१ मार्च १९९७
एक वर्षाची शिक्षा. अपिलापर्यंत जामीन. नोकरी गेली. मॅनेजरांनी पाठ थोपटली. मला जेवण गेलं नाही.
इथं तरी लिहून ठेवतो. पंखा खडखडत नव्हता. त्या खोलीत पंखाच नव्हता. ते दोनदा म्हणाले, बेडा, बेडा. मला तेव्हाही अर्थ कळत होता.

२३ जून १९९७
जयतीर्थ परवा गेले. हृदयविकार. ऑफिसातल्या शिपायाला कळलं होतं, त्यानं चहाच्या वेळी सहज सांगितलं.

२६ जून
अक्का म्हणाल्या, साडेचारला एक गृहस्थ तुला विचारत आले होते. नाव सांगितलं नाही. फार सभ्य. पंधरा मिनिटं फाटकाशी उभे राहून गेले.

२७ जून
पुन्हा आले. आज व्हरांड्यात बसले. अक्का कॉफी घेऊन गेल्या तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. कपाळावर काळी रेघ आहे का, मी विचारलं. "हो की! ओळखीचे आहेत तर तुझ्या."

२९ जून
रविवार. मी घरी. साडेचारला वरून पाहिलं. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. अक्का मात्र तिच्याकडं तोंड करून हसत बोलत होत्या, भाजीचे भाव, मुलाची बदली.
खाली गेलो. अक्का म्हणाल्या, "आत्ता तर उठले, हात धुवायला मोरीत गेलेत."
मोरीत कुणी नव्हतं. चादरी सोड्याच्या पाण्यात भिजत होत्या. टबातलं पाणी गुलाबी. अक्का चादरींचा रंग गेला म्हणून हळहळल्या. चादरी पांढऱ्या होत्या.

३ जुलै
आता स्वयंपाकघरापर्यंत येतात. अक्का म्हणतात, तुझी वाट बघतात रे, थकलेत बिचारे, तू घरी लवकर का येत नाहीस? मी मुद्दाम आठनंतर येतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ओल्या पावलाचा ठसा. एकच.

७ जुलै
सातवी पायरी.

१० जुलै
राहवलं नाही. शिपायाकडून पत्ता घेऊन श्रीरामपुरात त्यांच्या घरी गेलो. एक खोली. बायको धनलक्ष्मी, अंथरुणावर, धाप लागलेली. मुलगी रक्षिता तेरा वर्षांची, तीच स्टोव्ह पेटवत होती. बाईंनी मला ओळखलं. उठून बसायचा प्रयत्न केला.
त्या म्हणाल्या, "ते आम्हाला रागावू द्यायचे नाहीत तुमच्यावर. म्हणायचे, परमुलखातला पोरगा, त्याला आपली भाषा कळली नाही. त्याचा काय दोष?"
मी कानडीतच बोलत होतो त्यांच्याशी. स्वच्छ कानडीत. त्यांच्या ते लक्षात आलं. त्या बघत राहिल्या. मी रडलोही नाही, एवढा निलाजरा.
निघताना रक्षितानं वकिलाचा पत्ता दिला, माझा लिहून घेतला. माणूस मेला तरी घरच्यांना तीस दिवसांत अपील पुढं चालवता येतं, नाव स्वच्छ झालं तर पेन्शन मिळेल, औषध होईल. मी खरं काय ते लिहून दिलं तर. सोमवारी अकराला येतो म्हणालो. शब्द दिला.

१४ जुलै
सोमवार. वकिलाच्या जिन्यापर्यंत गेलो. तिथं लक्षात आलं, शेजारून कुणीतरी चालतंय. आज मलाही दिसले. रफू केलेली बाही. चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. तीच सहन झाली नाही. खोट्या साक्षीला तुरुंग आहे. नोकरी जाईल. आईला काय सांगू —
परत फिरलो. ते जिन्यातच उभे राहिले.

१५ जुलै
आले नाहीत. अक्कांनी दोनदा फाटकाकडं पाहिलं. मला बरं वाटलं. बरं वाटलं याची —

१६ जुलै
तापाचं सांगून घरी राहिलो. साडेचारला अक्का खालून ओरडल्या, "आज दोघं आलीत रे! बाईपण आहेत सोबत. किती अशक्त आहेत, धाप लागलीय त्यांना."
कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यांच्या घरमालकाला फोन केला. बाई पहाटे गेल्या. सरकारी दवाखान्यात. कालपासून विचारत होत्या म्हणे, वकिलाकडं ते साक्षीदार आले का.
मुलगी? मुलगी कुठं आहे? घरमालक म्हणाला, दवाखान्यातून निघाली ती अजून —. शोधतायत.

त्याच दिवशी, सहा वाजता
दोघं माझ्या खोलीत बसलीत. पलंगाच्या कडेला. दाराकडं बघतायत, माझ्याकडं नाही. कागद काढला आहे. लिहितो. सगळं लिहितो. माझं नाव, तारीख, मी दाराशी उभा होतो, मला भाषा कळत —

फाटक वाजलं. अक्का कुणाशी तरी बोलतायत — "ये बाळ, आत ये. शाळेतून आलीस?" — उत्तर ऐकू येत नाही. अक्का दिसणाऱ्यांशी बोलतात, न दिसणाऱ्यांशीही — वरून कसं कळणार, ही अजून —

बाई उठून उभ्या राहिल्या.

जिन्यावर पावलं. हलकी. कोरडी असू देत — देवा, हिची तरी पावलं कोरडी —