पिशवी माझी, तारीख दादाची

ता. ४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

कंबर कशी आहे विचारलंस. कंबर मजेत आहे, तिचं आता कुणी नावही काढत नाही. आमच्या लाँड्रीत ओल्या फरशीवर घसरले म्हणून दादानं एक्स-रे काढायला नेलं. हाडं शाबूत निघाली, पण खाली लिंबाएवढा पांढरा डाग दिसला. मग सोनोग्राफी. गर्भपिशवीतल्या गाठीत कॅल्शियम साठलंय म्हणे. दादा घरभर सांगत सुटलाय की ताईच्या पिशवीत दगड झाला. वहिनी माझ्याकडं असं बघते, जणू मी चालताना खुळखुळ वाजते.

मला न विचारता दादानं ओळखीच्या सर्जनकडं पिशवी काढायची तारीखही घेतली, अठरा. पाळी गेली, आता ठेवून करायचंय काय म्हणतो. मी म्हटलं, तुझे केस गेले तेव्हा डोकं काढायला कुणी आलं होतं का? तर जेवायलाच बसला नाही. आणि हाच माणूस जांघेतला फुगा लपवत फिरतो. खोकला आला की खिशात हात घालून दाबून धरतो, पण डॉक्टर म्हटलं की ह्याला कामं आठवतात.

तू घाबरू नकोस. कॅल्शियमची खोड मला ठाऊक आहे. आमच्या वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत तेच साठतं, व्हिनेगर ओतलं की थर सुटतो. म्हणून मी दूध बंद केलंय, हाडांच्या गोळ्या कपाटात टाकल्यात आणि रोज पाण्यातून व्हिनेगर घेते. पोटात आग पडते, म्हणजे काम करतंय.

घरच्यांना विचारलंय सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हसले, मग घाम फुटला. अगं बाई, तू इस्त्री आहेस का? प्यायलेलं व्हिनेगर पोटात जातं, गर्भपिशवीत नाही. ती आग तुझ्या जठराची आहे. बाटली आजच मोरीत रिकामी कर.

खरं सांगू, दादाचं निम्मं मलाही पटतंय. आई दुखणं लपवत राहिली आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर झाला. त्याच धास्तीनं त्यानं तारीख घेतली असणार. पण धास्ती त्याची आणि पोट तुझं. म्हणून अठराच्या आत बायकांच्या डॉक्टरकडं जा आणि डोक्यात शिरेपर्यंत विचार. गिऱ्हाइकांशी भांडतेस तशी भांड. मात्र त्यांनी काढा म्हटलं तर हट्ट करायचा नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझी धाकटी

ता. २० मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

गेले होते. डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा लहान, पण तीनदा विचारलं तरी कंटाळली नाही. तिनं सांगितलं, पूर्वी पिशवीत मांसाची गाठ होती, फायब्रॉइड म्हणतात, पुष्कळ बायकांना असते. पाळी गेल्यावर गाठीचं रक्त आटलं, ती सुकली आणि शरीरानं तिच्यात कॅल्शियम भरलं. दुधानं नाही, गोळ्यांनी नाही, इस्त्रीसारखं पाण्यानं तर नाहीच. कॅन्सर आहे का म्हणून मी तोंडावर विचारलं. तपासून म्हणाली, तसं काही दिसत नाही. दुखत नाही, लघवीला त्रास नाही, अंगावरून जात नाही, तर काढायची गरज नाही. रक्ताचा डाग दिसला किंवा दुखलं तर मात्र लगेच यायचं. ते मी तिला कबूल केलंय, तुलाही करते. व्हिनेगरचं ऐकून पोट धरून हसली, आणि मग गोळ्या बंद केल्या म्हणून झापलं.

दादाचं एकच, तारीख घेतलीय, सर्जनला काय तोंड दाखवू. अठराला मी बॅग भरली, त्याला वाटलं ताई वठणीवर आली. दवाखान्यात माझं नाव पुकारल्यावर उठले आणि सर्जनना सांगितलं, माझी गाठ म्हातारी होऊन निवांत बसलीय, तिला बसू द्या, पण तारीख फुकट घालवू नका, ह्याची जांघ बघा. दादा लालबुंद. पळणार होता, पण दारात वहिनी उभी. खोकायला लावलं तर फुगा हजर. हर्निया. आतडं अडकलं असतं तर जिवावर बेतलं असतं म्हणाले.

काल ऑपरेशन नीट झालं. आधी कपडे नाहीत म्हणून घरी जायचा बहाणा करत होता. मी बॅग उघडून दाखवली. आत माझा एक कपडा नव्हता, सगळे त्याचेच भरले होते.

मी आणि माझा दगड खुशाल आहोत. दोघांवर जीव असू दे.

तुझी ताई