डुकरिणीची माफी

प्रिय ज्ञानदा,

भुईगावहून इतक्या जवळच्या बोळिंजला पत्र धाडणारा बाप पोस्टमननेही पाहिला नसेल. पण गणपतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तू आईशी बोलताना मागून ओरडणं मला या वयात शोभत नाही. तेव्हा वाच. कंटाळा आला तर व्याकरणाच्या चुका काढ. तेवढं तरी शिकवलंय मी तुला.

इथली बातमी म्हणजे शेजारच्या जोसेफची डुकरीण. त्याची बायको लिली तिला ‘मॅडम’ म्हणते. दोनदा नर दाखवला आणि दोन्ही वेळा एकवीस दिवसांनी मॅडम पुन्हा माजावर. वीस वर्षं वर्गात वराहावतार शिकवूनही हा हिशेब मला नवीनच. जोसेफ वैतागला. ‘नुसती खाते, धरत नाय,’ असं तिच्या तोंडावर म्हणाला आणि नाताळाआधी तिला विकायचं ठरवून मोकळा झाला. मीही हसलो.

लिलीने मात्र गुरांच्या डॉक्टर लतिकाबाईंना बोलावलं. ‘मास्तर, ज्ञान नंतर, आधी बादली धरा,’ असं जोसेफने सांगितल्यामुळे मीही कुंपणाच्या आत होतो. बाई म्हणाल्या, डुकरीण फळली की अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन झरत राहतं, ते गर्भाशय शांत ठेवतं. पण बाराव्या दिवसाच्या सुमारास त्या इवल्या गर्भांनीच इस्ट्रोजेन सोडून आईला कळवावं लागतं, की आम्ही आलोय. एकट्याचा निरोप पोचत नाही. साधारण चार तरी लागतात. नाहीतर शरीराला वाटतं आत कोणीच नाही, प्रोजेस्टेरॉन ओसरतं आणि पुन्हा माज येतो. म्हणजे मॅडमने कदाचित दोन्ही वेळा धरलंही असेल. एखाददुसरंच.

जोसेफ मॅडमजवळ गेला. मग वाकून तिचे कान खाजवत म्हणाला, ‘माफ कर गो बाय, मला काय म्हायत!’ त्यावर लिली म्हणाली, ‘माझी कधी मागितली नाय याने.’

घरी येऊन हे सगळं मी तुझ्या आईला रंगवून सांगत होतो. भाजी निवडता निवडता ती थांबली आणि रडायला लागली. तुला दिलेला शब्द तिने मोडला. तिच्यावर रागावू नकोस. गणपतीत तू पाया पडलीस, मी सवयीने ‘अष्टपुत्रा भव’ म्हणालो, वर सगळ्यांसमोर ‘आठ राहू देत, एकापासून तरी सुरुवात कर’ अशी पुस्तीही जोडली. लोक हसले. तू न जेवता निघालीस, तेव्हा मी तुला हट्टी म्हणालो. आठवडाभरापूर्वीच तुझं बाळ गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण ही सबब जोसेफला पुरली नाही, मलाही पुरू नये. चुकलो गं. नऊ आठवडे मी आजोबा होतो आणि मला कळलंच नाही. मनातल्या मनात तू त्याला काही नावाने हाक मारत असशील, तर कधीतरी, वाटलं तर, ते मला सांग.

यापुढे आशीर्वाद देताना अडखळणारा,
तुझाच
बाबा