पिवळ्या बुचाची ट्यूब

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दवाखाना, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

नमस्कार. हाताशी फोन असताना ही बया पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटलं असेल. फोनवर तू मध्येच बोलतोस, तू बोललास की मी भांडते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून चहा करून घे आणि हे शेवटपर्यंत वाच.

आधी पठ्ठ्याची खुशाली देते, कारण बाबा तेच पहिलं विचारतील. त्यांचा कुत्रा माझ्या घरी मजेत आहे. मागचे पाय पुन्हा ताठ झालेत, जिना चढतो, माझी एक चप्पल त्याने कामातून घालवली. महिन्यापूर्वी तो उभा राहताना चारी पाय फाकवून पडत होता, हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही. फिट एकही आलेली नाही. गोळी पुन्हा पूर्वीइतकीच देते आहे, सकाळी सातला एक आणि संध्याकाळी सातला एक. मुलांची परीक्षा कशी चालली आहे? वहिनीची पाठ?

बाबांचं मात्र मी विचारत नाही, कारण मला माहीत आहे. परवा ते फोनवर म्हणाले, "मी आता गॅसजवळ जातच नाही. माझा काही भरवसा नाही." वहिनी त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवते, नळ बंद करा, दार लावा. चाळीस वर्षं ज्या माणसाने नकाशे काढले, ज्याची रेघ कधी इकडची तिकडे झाली नाही, तो माणूस चिठ्ठी वाचून नळ बंद करतो. तू म्हणालास, तीस तारखेला त्यांचं घर भाड्याने द्यायचा करार आहे, आता ते कायमचे तुमच्याकडेच. तुझी काळजी खरी आहे, ते मला कळतं. पण तू ज्या गोष्टीवरून हे ठरवलंस ती गोष्ट मला पहिल्यापासून सांगू दे.

फिटच्या औषधाचं एक वैशिष्ट्य आहे. सारख्या वजनाचे दोन कुत्रे घे, दोघांना सारखी गोळी दे, एकाच्या रक्तात औषध भरपूर सापडेल आणि दुसऱ्याच्या रक्तात जेमतेम. प्रत्येकाचं यकृत आपल्या मर्जीने ते संपवतं. म्हणून ठरावीक काळाने रक्त काढून औषधाची पातळी बघायची आणि त्या एका जनावराचा डोस ठरवायचा. शिकायला येणाऱ्या मुलांना मी घसा फोडून सांगते की आकडा बघण्याआधी कुत्र्याकडे बघा. फिट येत नसेल, कुत्रा खात-पीत, हुंदडत असेल, तर नुसत्या आकड्यासाठी डोस वाढवू नका.

सप्टेंबरच्या शेवटी पठ्ठ्याची पातळी आली अठरा. अगदी खालच्या काठाला. चौदा महिने त्याला फिट आली नव्हती. बाबा म्हणालेही, "अगं, तो ठणठणीत आहे. वाढवायची कशाला?" मी काय म्हटलं असेन? "बाबा, हा माझा विषय आहे." आणि एकाची दीड गोळी केली.

बाबांनी जुन्या ड्रॉइंग पेपरच्या पाठीमागे तक्ता आखला. तू तो बघितला आहेस. बावीस दिवस, रोज दोन रकाने, प्रत्येक रकान्यात वेळ आणि बारीकशी खूण. बाविसाव्या दिवशी संध्याकाळची गोळी दिल्यावर पठ्ठ्या जिन्यात कोसळला, नेमका तू तिथे होतास आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला गोळी न देता माझ्याकडे घेऊन आलास. मी रक्त काढलं. पातळी आली त्रेचाळीस.

दीड गोळीने अठराचे सत्तावीस व्हायला हवेत. त्रेचाळीस कसे होतील? तू माझ्या टेबलासमोर उभा राहून विचारलंस, "म्हणजे बाबांनी दोनदा दिली?" बाबा शेजारीच होते, हातात तक्त्याची गुंडाळी. मी म्हटलं, "असू शकतं."

बाबांनी गुंडाळी उघडली, एकेका खुणेवर बोट ठेवत खाली आले, आणि मग ती पुन्हा गुंडाळली. तिसऱ्या दिवशी तू त्यांना घेऊन गेलास.

त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं, दादा. एवढं तरी माझ्या बाजूने.

एकतीस ऑक्टोबरला मी पठ्ठ्याचं पांघरूण आणायला बाबांच्या घरी गेले. औषधाच्या खोक्यात त्यांनी रिकाम्या पट्ट्यासुद्धा ठेवल्या होत्या, मागे तारखा लिहून, त्या त्यांच्या ठाशीव अक्षरात. सत्तर गोळ्या मीच दिल्या होत्या. सहा पट्ट्या रिकाम्या, सातवीत चार गोळ्या शिल्लक. म्हणजे सहासष्ट गेल्या. बावीस दिवस, रोज तीन. गुणाकार तुलाही येतो. बाबांनी अर्धी गोळीसुद्धा जास्त दिलेली नव्हती.

मग चूक होती कुठे? ती सप्टेंबरच्या अठरा आकड्यात होती. त्या आठवड्यात लाल बुचाच्या साध्या ट्यूब संपल्या होत्या, म्हणून मी रक्त पिवळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतलं. तिच्या तळाशी जेल असतं. बाकीच्या तपासण्यांना ती छान चालते, पण फिटचं हे औषध ते जेल हळूहळू पिऊन टाकतं. लॅबला सुट्टी होती. नमुना चार दिवस त्या जेलवर बसला. पठ्ठ्याची पातळी आधीपासूनच उत्तम होती, अठ्ठावीसच्या आसपास. कागदावर ती अठरा दिसली आणि मी चांगल्या चाललेल्या कुत्र्याला जास्तीचं औषध चढवलं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. शिकताना वाचलं होतं. नमुन्यांच्या वहीत माझ्याच अक्षरात "पिवळी" असं लिहिलेलं आहे.

एकतीस तारखेच्या दुपारी मला हे सगळं कळलं. आज एकवीस आहे.

खात्री करायची म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगत होते. खात्री केलीही. पठ्ठ्याचं रक्त एकाच सुईने काढलं, निम्मं लाल बुचात, निम्मं पिवळ्यात, आणि पिवळी मुद्दाम चार दिवस तशीच ठेवली. लालचा आकडा सत्तावीस आला, पिवळीचा सतरा. पण हे आठ दिवसांत झालं होतं. उरलेल्या दिवसांचं काय?

खरं सांगते. त्या दिवशी तू म्हणालास, "तू म्हणतेस म्हणजे असेलच." आयुष्यात पहिल्यांदा. मी गुराढोरांची डॉक्टर, तुझ्या मित्रांपुढे तू कधी माझं नाव काढलं नाहीस. ते वाक्य मला इतकं गोड लागलं की ते परत करायला जीव होईना. आणि दुसरं त्याहून वाईट आहे. बाबा तुझ्याकडे गेल्यावर माझ्या बुधवार-शनिवारच्या फेऱ्या वाचल्या. मला हायसं वाटलं. लाज वाटली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

आता काय करायचं ते माझं ठरलं आहे. पिवळ्या बुचात पातळी तपासलेली आणखी नऊ जनावरं वहीत सापडली, आठ कुत्रे आणि एक मांजर. सगळ्यांना मी स्वतः फोन केले, कंपाउंडरला करू दिले नाहीत. एकाने मला फोनवरच सोलून काढलं, मी ऐकून घेतलं. सात जणांचं रक्त पुन्हा काढून झालं, दोघांचे डोस खाली आणले. यापुढे फिटच्या औषधासाठी फक्त लाल बूच, रक्त पुढच्या गोळीच्या आधी, आणि गोळी कधी दिली व रक्त कधी काढलं, दोन्ही वेळा ट्यूबवर. बाबांच्या तक्त्यासारखाच तक्ता मी छापून घेतला आहे, तो प्रत्येक घरी देते.

राहिले बाबा. भाडेकरारावर सही करू नकोस. मी रविवारी सकाळी येते, पठ्ठ्याला घेऊन. तुमच्या सोसायटीचा पहारेकरी कुत्र्याला अडवेल तर आम्ही फाटकाबाहेर उभे राहू. दोन्ही रिपोर्ट आणि त्या सात पट्ट्या माझ्या पर्समध्ये असतील.

एक मागणं आहे. मी येईपर्यंत बाबांना यातलं काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते तोवर मला पाठीशी घालायची तयारी करून बसतील, "पोरीकडून झालं असेल घाईत" वगैरे. मला ते नको आहे. ही बातमी ऐकताना त्यांना माझ्यावर जे चिडायचं असेल ते मी समोर उभी असताना चिडू दे. नंतर त्यांनी कुठे राहायचं हे ते ठरवतील. तू नाही आणि मीही नाही.

तू माझ्याशी बोलायचं टाकलंस तर मी समजून घेईन, पण वहिनीला एवढं आजच सांग: त्या चिठ्ठ्या भिंतीवरून काढून टाक. ज्या माणसाने बावीस दिवसांत एकदाही मिनिटाचा घोळ केला नाही, त्याला नळ बंद करायची आठवण कुणी द्यायची गरज नाही.

तुझी बहीण,
जिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी जिने बापाला तीन आठवडे विसरभोळा म्हणून जगू दिलं