आधी नाव सांगा

मी, वय वर्षे बाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त ऑपरेटर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी विसरायला लागले आहे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या मते माझे डोके अजून कामाचे आहे. एक्स्चेंजमधल्या साहेबांनी हे तीस वर्षांत एकदाही कबूल केले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला. घर खुशाल विकावे. फक्त स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेले जुने नंबर एकदा मोठ्याने वाचावेत. चहा उकळेपर्यंत मी ते रोज न बघता म्हणते. गेल्या महिन्यात त्यातलाच एक, यांच्या दुकानाचा, फिरवला आणि जेवायला कधी येताय, असे विचारले. यांना जाऊन अकरा वर्षे झाली. पलीकडचा माणूस सभ्य होता, राँग नंबर म्हणाला. त्या दुपारी मी खूप रडले आणि संध्याकाळी वकिलांना बोलावले.

२. बुद्धिबळाचा पट जावयांना. नुसत्या पाठांतराने भागणार नाही, नवीन काही शिका, असे डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणून सत्तरीत जावयांकडून शिकले. ते मुद्दाम हरतात. पुन्हा तसे केल्यास हे कलम रद्द समजावे.

३. माझा हेडफोन एक्स्चेंजमधल्या शेजारच्या, सात नंबरच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला, म्हणजे 'सात नंबर'ला. बढती तिने माझ्या नाकावर टिच्चून घेतली, ते मी विसरलेले नाही; विसरले तर तिने आठवण करून द्यावी. दर गुरुवारी ती येते आणि स्विचबोर्डावर कोण कुठे होते ते आम्ही आठवत बसतो. फार चांगले दिवस होते ते. हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, कानात सगळे गाव.

४. हे मुलीसाठी. फोनवर "ओळखा पाहू कोण?" म्हणणाऱ्यांची लाइन मी सरळ तोडायचे. आमच्याकडे नियम होता, बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचे. परवा तू तेच विचारलेस, "आई, सांग बघू, मी कोण?" तू घाबरली होतीस. मला उत्तर आले. एखाद्या दिवशी येणार नाही. तेव्हा परीक्षा घेऊ नकोस. जवळ बस, नाव सांग आणि बोलत राहा. पुढचे जोडून घेणे माझे काम, ते मी जन्मभर केले आहे.

साक्षीदार: डॉक्टरबाई; वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. (सात नंबरला वाटणी असल्याने तिची सही घेतलेली नाही. ती समोर बसून रुसली आहे.)

सही: केली आहे.
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: तीन मार्च, गुरुवार. कॅलेंडर न बघता लिहिला आहे.