विहीणबाई व मी, दोघींनीही विमान नाकारल्याच्या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
विमान बदलणाऱ्या प्रवाशांचा सेवा विभाग,
आंतरराष्ट्रीय विमानतळ, मध्यवर्ती टर्मिनल.

विषय : आम्हां दोघींच्या नावापुढील ‘स्वेच्छेने प्रवास नाकारला’ हा शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावर आलेले आपल्या कार्यालयाचे अभिनंदनपर उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेली लिपिक असून नोकरीभर लोकांचे अर्ज वाचत आले आहे. त्यामुळे अर्ज न वाचता दिलेले उत्तर मला दुरून ओळखता येते. आपल्या उत्तरात असे म्हटले आहे की, यंदा आपल्या विमानतळावरून विक्रमी संख्येने आंतरराष्ट्रीय प्रवासी पुढे गेले व मीही या वाटचालीचा भाग झाले याबद्दल माझे अभिनंदन. महोदय, माझी तक्रारच मुळी ही होती की आम्ही पुढे गेलो नाही. विमान गेले. आम्ही तिथेच राहिलो. तरी झालेला प्रकार पुन्हा, व या वेळी कोणीतरी वाचेल अशा आशेने, मांडत आहे.

१. माझी एकुलती एक मुलगी दूरदेशी राहते. तिचे दिवस भरत आले असता बाळाची वाढ नीट होत नसल्याचे निघाले व डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. जावई मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहेत. जहाज भर समुद्रात होते, ते वळवता येणे शक्य नव्हते. मुलगी तशी खमकी आहे. पण त्या दिवशी फोनवर म्हणाली, “आई, मला आत नेतील तेव्हा बाहेर आपलं कुणीतरी असू दे.” म्हणून मी व माझ्या विहीणबाई, म्हणजे जावयांच्या मातोश्री, अशा दोघींनी जाण्याचे ठरले. थेट विमान नाही. आपल्या विमानतळावर उतरून दुसरे विमान पकडावे लागते, हे आपणांस माहीत आहेच.

२. विहीणबाईंचे व माझे संबंध कागदोपत्री उत्तम आहेत. प्रत्यक्षात, त्यांच्या मते मी मुलीला डोक्यावर बसवून ठेवले आणि माझ्या मते त्यांनी मुलाला स्वतःचा रुमाल शोधायलाही शिकवले नाही. पहिल्या विमानात खिडकीची झडप उघडी ठेवावी की बंद, यावरसुद्धा आमचे एकमत झाले नाही. शेवटी ती अर्धी ठेवली.

३. विहीणबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले असल्यामुळे त्यांच्यासाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. ती विमानाच्या दाराशी वेळेवर हजर होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. खुर्ची ढकलणाऱ्या गृहस्थांनी मला खुणेने सांगितले की, खुर्ची लिफ्टने जाईल, तुम्ही सरकत्या जिन्याने व पुढे टर्मिनलच्या गाडीने या, गेटवर भेट होईल. मी सोबत चालते म्हटले तर त्या वाटेने पायी प्रवाशांना परवानगी नाही असे कळले. विहीणबाईंचा फोन माझ्या पिशवीत राहिला, कारण त्यांनीच तो “तुम्हीच सांभाळा बाई, मला ते झेपत नाही” असे म्हणून माझ्याकडे दिला होता. त्यांना आपल्याकडील भाषा येत नाही. जाताना मान वळवून त्या मला म्हणाल्या, “रेंगाळू नका कुठे.”

४. मी रेंगाळले नाही. परंतु सुरक्षा तपासणीच्या रांगेत एकाच वेळी उतरलेल्या कितीतरी विमानांचे लोक होते. कुणी झोपलेले मूल खांद्यावर टाकलेले, कुणी बूट हातात घेतलेले. त्या गर्दीत कुणीही आपल्या गावी आलेले नव्हते, सगळे दुसरीकडे निघालेले. धापा टाकत मी गेटवर पोचले तेव्हा लोक विमानात चढत होते. विहीणबाई नव्हत्या.

गेटवरील बाईंनी संगणकात पाहून सांगितले, “त्या पोचल्यात.”

मी विचारले, “कुठे?”

“इथेच. पोचल्या अशी नोंद आहे.”

मी त्यांना नम्रपणे म्हटले की, नोंद मला दिसते आहे, माणूस दिसत नाही. त्यावर “बहुतेक आत जाऊन बसल्या असतील, तुम्हीही बसा,” असे उत्तर मिळाले. आत बघून परत येऊ का विचारले, तर एकदा आत गेले की बाहेर येता येत नाही. माझ्या हट्टामुळे त्यांनी आत फोन लावला. विहीणबाईंची सीट रिकामी होती.

मग त्या बाई म्हणाल्या, “दार बंद करायची वेळ झाली. निदान तुम्ही तरी जा.”

महोदय, तो क्षण माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. तिकडे पोटची पोर ऑपरेशनसाठी उपाशीपोटी दवाखान्यात. इकडे भाषा न येणारी, दोन पावले चालू न शकणारी, हातात फोन नसलेली म्हातारी बाई कुठे ठेवली आहे याचा पत्ता नाही. बरे, तिथे जाऊन मुलीला काय तोंड दाखवू? तुझ्या सासूला वाटेत विसरून आले म्हणू? मी म्हटले, मी त्यांच्याशिवाय जाणार नाही. त्यांनी विचारले, “म्हणजे तुम्ही नाही म्हणताय?” मी म्हटले, “मी थांबते म्हणतेय.” त्यांनी काहीतरी टाइप केले. विषयात नमूद केलेला शेरा तो हाच. थांबणे आणि नाही म्हणणे यांतला फरक आपल्या संगणकाला शिकवलेला नसावा.

५. त्यानंतर मी चौकशी कक्षात गेले. तिथे सांगण्यात आले की, वस्तू हरवली असेल तर खालच्या मजल्यावर जा आणि माणूस हरवले असेल तर विमान कंपनीकडे. विमान कंपनीच्या काउंटरवर सांगण्यात आले की, व्हीलचेअर आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. ठेकेदाराच्या काउंटरवर कुणीही नव्हते, फक्त एक फोन होता व तो वाजत होता. मी तो उचलला. पलीकडच्या माणसाने मलाच विचारले, “माझी आई कुठे आहे?” मी फोन हळूच खाली ठेवला.

पुन्हा चौकशी कक्षात येऊन मी हात जोडले व विहीणबाईंचे नाव पुकारण्याची विनंती केली. त्यावर तेथील तरुणाने अभिमानाने सांगितले की, आपला विमानतळ ‘शांत विमानतळ’ असून प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून इथे कुणाचेही नाव पुकारत नाहीत.

महोदय, माझी सहनशक्ती तिथे संपली. काचेच्या त्या भल्यामोठ्या दालनात, अत्तरांच्या दुकानासमोर उभी राहून मी बेंबीच्या देठापासून हाक मारली, “विहीणबाई!” लोक थबकले. सुरक्षारक्षक माझ्याकडे धावत निघाला. मी दुसरी हाक मारली. मुलीच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांना इतक्या जिवापासून मी कधीच हाक मारली नव्हती. तिसऱ्या हाकेला एका बंद दारामागून खणखणीत आवाज आला, “अहो, ओरडताय काय अशा? मी इथे आहे!”

६. त्या दारामागे एक लांबट खोली आहे. आपण ती कधी पाहिली आहे का, ठाऊक नाही. तिथे व्हीलचेअरवरील माणसे एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून, ब्रेक लावून ठेवलेली होती. त्यांत विहीणबाई होत्या. पिशवी पोटाशी धरलेली, चेहरा लालबुंद. मला पाहताच म्हणाल्या, “तुम्ही अजून इथेच? विमान गेलं ना?”

मी म्हटले, “गेलं. तुम्ही का नाही बसलात?”

तेव्हा कळले ते असे. त्यांना माझ्या कितीतरी आधी, गेटवर दुसरे कर्मचारी असताना, तिथे आणले होते. म्हणजे आपली नोंद खरी होती. बसा म्हटल्यावर त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले व सांगितले की, माझी विहीण येईल, मग बसेन. भाषा कुणाला कळेना. त्यांनी बोटे दाखवून दोघी, दोघी असे सांगितले. शेवटी त्या सहकार्य करत नाहीत असे ठरवून खुर्ची वळवण्यात आली व त्यांना या खोलीत आणून ठेवण्यात आले. विमान गेल्यावर त्यांच्याही नावापुढे तोच शेरा लागला.

मी म्हटले, “अहो, तुम्ही तरी जायचं होतंत. तिच्याजवळ कुणीतरी झालं असतं.”

त्या म्हणाल्या, “कशी जाणार? पोरीला काय सांगू, तुझी आई कुठे टाकून आले?”

यावर मी वाकून त्यांच्या खुर्चीचा ब्रेक काढू लागले. एकमत होण्याची आम्हांस सवय नाही.

७. पुढची विमाने खचाखच भरलेली होती. नवीन तिकिटाच्या रांगेत आमच्या नावापुढचा शेरा वाचून, आम्ही आपल्या मर्जीने राहिलो असल्यामुळे आमचा नंबर इतरांच्या मागे लागेल असे सांगण्यात आले. कित्येक तास उलटूनही आम्ही त्या रांगेतच असताना मुलीच्या शेजारणीचा फोन आला. म्हणाली, “मुलगी झाली. बाळ इवलंसं आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. ती विचारतेय, तुम्ही कुठपर्यंत आलात?” विहीणबाईंनी माझ्या हातून फोन घेतला व म्हणाल्या, “आलोच म्हणावं.” आमच्या पुढे तेव्हा किती लोक होते हे मान उंचावूनही दिसत नव्हते.

८. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. मुलगी उशीला टेकून बसली होती. तिने आधी सासूकडे पाहिले, मग माझ्याकडे. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “मला आत नेताना नर्सनं विचारलं, बाहेर कोण आहे? मी म्हटलं, येतायत. बाहेर आणल्यावर तिनं परत विचारलं, आल्या का?” आणि मग, “दोघींतली एक तरी का नाही आलात?”

आम्ही तिला सर्व हकिगत सांगितली. एकदा मी सांगितली, एकदा विहीणबाईंनी. तिने ऐकून घेतले व “हं” म्हणाली. त्या एका ‘हं’वर आमचे दिवस चालले आहेत. ती आमच्याशी नीट वागते. बाळाला आमच्या मांडीवर देते. पण संध्याकाळी शेजारीण आली की तिच्याशी जेवढे बोलते तेवढे आमच्याशी बोलत नाही.

९. तरी आपणांस विनंती की, सदरहू शेरा काढून टाकावा. शिवाय आपण आपल्या सही-शिक्क्यानिशी एक पत्र माझ्या मुलीच्या नावे पाठवावे. नुकसानभरपाई नको, अभिनंदन तर नकोच. तिची आई गेटच्या बाहेर व तिची सासू त्याच इमारतीतल्या एका खोलीत, अशा दोघी एकमेकींसाठी थांबल्या होत्या आणि हे दोघींपैकी एकीलाही कुणी सांगितले नाही, एवढेच त्यात लिहावे. आम्ही सांगितले की ती आईची व सासूची सारवासारव होते. आपण लिहिलेत तर तो कागद होईल. माणसावर नाही, पण कागदावर विश्वास बसतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

विहीणबाईंना हा अर्ज वाचून दाखवला असता, तो फारच मवाळ झाला आहे असे त्यांचे म्हणणे पडले. तरीही त्यांनी खाली सही केली आहे.

आपल्या पत्राची रोज वाट पाहणाऱ्या,

(सही) मुलीची आई, अर्जदार
(सही) मुलीची सासू

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत : न वापरलेले दोन बोर्डिंग पास. दोन्ही सीट शेजारी शेजारी आहेत.