ड्रायव्हरशेजारची सीट

मीरा रोड,
रविवार, १२ मार्च १९९५

प्रिय रुचू,

अक्षर ओळखलंस ना? चार वर्षं तुला एक ओळही न लिहिणारी तुझी आई हे पत्र लिहितेय. आधी घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मी तर इतकी ठणठणीत आहे की परवा ऑफिसातल्या नीलिमानं विचारलं, "उर्मिलाताई, कुठलं टॉनिक घेता हो?" नळाला पाणी अजून दिवसाआडच येतं. टँकर आला की आपली अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली धावते आणि सगळ्यांत पुढे मी असते. बाकी मात्र बरंच बदललंय. कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून प्रवासापासून करते. सगळं तिथूनच सुरू झालं.

डिसेंबरात आमच्या महिला मंडळानं आठ दिवसांची सहल काढली. कोल्हापूर, बदामी, हंपी आणि परतताना गोकर्ण. तुझे बाबा गेल्यापासून सात वर्षांत मी घर आणि ऑफिस सोडून कुठे गेले नव्हते. शेजारच्या मंदानं मला न विचारता माझं नाव लिहून टाकलं आणि वर म्हणाली, "आता नाही म्हणालात तर मी पण जाणार नाही." गेले बाई. पण मला गाडी लागते हे तुला ठाऊक आहेच. घोडबंदर रोडच्या वळणांवरच माझा चेहरा पांढरा पडला आणि ठाणं यायच्या आत बस थांबवावी लागली. मी रस्त्याच्या कडेला ओणवी, मागे चाळीस बायका खिडक्यांतून मला सल्ले देतायत, कुणी लिंबू हुंगायला सांगतंय, कुणी आलं चघळायला. ड्रायव्हर खाली उतरले, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि मंडळाच्या बायकांना म्हणाले, "ह्या म्याडमना पुढं माझ्या बाजूला बसवा. समोरचा रस्ता दिसला का पोट गप बसतं." पोट खरंच गप बसलं, आणि मी आठही दिवस तिथेच बसले.

त्यांचं नाव धर्माजी भोईर. आपल्या घोडबंदरच्या खाडीकाठच्या वरसाव्याचेच, चोपन्न वर्षांचे. बावीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, आता खासगी बस चालवतात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरी ऐंशीची आई. पहिल्या दिवशी आम्ही दोन वाक्यंसुद्धा बोललो नाही. ते फक्त खड्डा यायच्या आधी "म्याडम, धरा" म्हणायचे आणि मी दांडा धरायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं की प्रत्येक गावाच्या वेशीवर हॉर्न का वाजवता, कुणी आडवं नसलं तरी? तर हसून म्हणाले, "एसटीची सवय. कोन तरी पिशवी घेऊन धावत येत असतंय, त्याला कळाया नको गाडी आली ते?" मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवसापासून मीच बोलत सुटले. खेतवाडीतलं माझं लहानपण, माझा आठ भावंडांतला सातवा नंबर, बाबांचं आजारपण, सगळं. इतकं मी तुझ्याशीसुद्धा कधी बोलले नसेन. त्यांनी विचारलं, "पोरंबाळं?" मी म्हटलं, "एक मुलगी. वापीला असते." म्हणाले, "मंग जवळच की. जाऊन येता का नाय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

हंपीला नदी ओलांडायला टोपल्यासारख्या गोल होड्या असतात. वेताची मोठी टोपलीच, तीत बसायचं आणि ती गरगरत पलीकडे जाते. बायकांनी बघूनच कानाला हात लावला. मंदा म्हणाली, आपण इथूनच नमस्कार करू. धर्माजी खाडीकाठचे, ते केव्हाच आत बसले होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "म्याडम, हिच्यात गाडी लागत न्हाय." आणि मी चढले, रुचू! मधोमध आल्यावर नावाड्यानं मुद्दाम टोपली गिरकावली. आकाश फिरतंय, दगडांचे डोंगर फिरतायत, माझी चप्पल पाण्यात गेलीय, आणि मी मोठमोठ्यानं हसतेय. काठावरून मंदा ओरडतेय, "अहो उर्मिलाताई, काय झालं?" काय झालं ते मलाही कळत नव्हतं. इतकं हसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. पलीकडे गेल्यावर एका पायात चप्पल घालून मी देवळाकडे निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या चपला काढून मला दिल्या आणि स्वतः अनवाणी चालले. दहा नंबरच्या चपला! फटक फटक करत मी अख्खं हंपी पालथं घातलं.

परतीच्या वाटेवर एका गावात शाळा सुटली होती आणि मुली सायकली दामटत चालल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं की मला आयुष्यभर सायकल शिकायची होती, पण आमच्या अप्पांनी शिकू दिली नाही. मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणाले. धर्माजींनी गाडी हळू केली आणि मुलींना पुढे जाऊ दिलं. मी विसरूनही गेले. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला खालून हॉर्न वाजला. बघते तर हे खाली उभे, टेम्पोत त्यांच्या पुतणीची लेडीज सायकल. आपल्या सेक्टरच्या मागे नवीन रस्ते करून ठेवलेत बघ, बिल्डिंगी अजून उठायच्यात, नुसता डांबरी रस्ता आणि दोन्हीकडे गवत. तिथे माझी शाळा भरली. पहिल्या दिवशी साडी चेनमध्ये अडकली आणि मी गवतात आडवी. दुसऱ्या रविवारी कोपर, तिसऱ्या रविवारी गुडघा. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्याला खपली धरली, आणि ऑफिसात बसल्या बसल्या ती खाजवायला मला इतकी मजा यायची की काय सांगू. भाईंदरच्या बाजारातून दोन पंजाबी ड्रेस आणले. हो, तुझी आई पंजाबी ड्रेस घालते! बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. सेक्रेटरीच्या बायकोनं जिन्यात गाठून विचारलंच, "वो ड्राइवर रोज आता है क्या?" मी म्हटलं, "रोज नहीं, सिर्फ संडे को. रोज आता तो कब की सीख जाती." चौथ्या रविवारी धर्माजी मागे सीट धरून धावत होते. "धरलंय, धरलंय," म्हणत होते. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज लांबून आला. मी एकटी चालवत होते.

मग काय, मला पंखच फुटले. मी तीच सायकल त्यांच्याकडून विकत घेतली. ते पैसे घेत नव्हते, तर मी म्हटलं, मग सायकल परत न्या. रविवारी सकाळी रेल्वेचं फाटक ओलांडून भाईंदरपर्यंत जायचं, मिठागरांच्या कडेनं फिरायचं, येताना ताजी भाजी आणायची. आता खरं सांगते. एका रविवारी, फेब्रुवारीच्या शेवटी, मी कुठे जातेय ते ठरवलं नव्हतं, पण सायकल खारीगावात गेली. नवीन बिल्डिंगींच्या गराड्यात ते जुनं गाव अजून तसंच आहे. जितेंद्रचं, म्हणजे तुझ्या सासरचं घर मी एकदाच लांबून बघितलं होतं, तरी बरोबर सापडलं. मला नुसतं पुढून निघून जायचं होतं. पण अंगणात तुझ्या सासूबाई मासळी वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली, तुझ्याकडच्या फोटोवरून असेल, पण मला ओळखलं, आणि माझे हात ब्रेकवर गेले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. मला ते ऐकायचेच होते. त्या हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "या ईनबाय. उन्हात का उभ्या? बसा."

विहीणबाई! चार वर्षांत मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती, मारणार तरी कोण? मी ओट्यावर बसले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. मी मासे खात नाही हे तू त्यांना सांगून ठेवलंयस म्हणे. मग आतून फोटोंचा आल्बम आणला. तुझ्या लग्नाचे फोटो, जे मी कधी बघितले नव्हते. पिवळ्या साडीत तू इतकी गोड दिसतेस गं. आईच्या जागी जितेंद्रची आत्या उभी आहे, तुझ्या डोक्यावर अक्षता टाकतेय. मी त्या फोटोवर बोट ठेवून बसले. तुझ्या सासूबाई माझ्या शेजारी टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पोर मांडवात बसेस्तोवर रस्त्याकडंच बघत होती." त्यांनी हे मला टोचून म्हटलं नाही, रुचू. झालं ते सांगितलं. मी तिथे किती वेळ रडले माहीत नाही. त्यांनी मला रडू दिलं, मग चहा केला, आणि निघताना तुझा वापीचा नवा पत्ता लिहून घ्यायला लावला.

त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत घरी आले. माझंच बोलणं कानात घुमत होतं. जितेंद्र आपल्या दाराशी उभा होता, चपला बाहेर काढून, हातात पेढ्यांचा बॉक्स. आणि मी उंबरठ्यातूनच म्हटलं होतं, "गॅरेजात नटबोल्ट फिरवणाऱ्याला माझी मुलगी द्यायला मी तिला शिकवलेली नाही." त्यानं बॉक्स तिथेच ठेवला आणि चपला घातल्या. तू बोललीस, आणि बरोबर बोललीस. तुझी चारही दिवाळ्यांची कार्डं मिळाली. मी ती वाचली, कपाटात ठेवली, आणि उत्तर दिलं नाही. अडून बसले. लोक काय म्हणतील याची भीती होती, आणि त्या भीतीला मी संस्कार म्हणत होते. संध्याकाळी धर्माजींना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल, कारण मी ज्याला दारातून परत पाठवलं तो त्यांच्यासारखाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकलंच तुमचं." उठून मात्र गेले नाहीत.

मागच्या रविवारी मी वरसाव्याला त्यांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांची आई, सरूबाई, तोंडात दात नाहीत पण आवाज असा की पलीकडच्या खाडीवर ऐकू जावा. जेवणं झाली, ते अंगणात माझ्या सायकलचं मागचं चाक नीट करत बसले, मी पायरीवर. ऊन उतरलेलं, कोंबड्या पायाशी. मला एकदम वाटलं, आता नाही विचारलं तर ह्या जन्मात विचारायची नाही. मी म्हटलं, "धर्माजी, आपण लग्न करू या का?" ते खाली बघूनच म्हणाले, "थांबा, एवढा नट आवळून घेतो." आतून सरूबाई ओरडल्या, "अरं, आधी हो म्हन! नट काय पळून जातोय?" आणि मग आम्ही तिघंही जे हसलो! त्यांचे कान लालबुंद झाले होते. हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "हो. मनापासून हो. पन एक हाय."

ते एक म्हणजे हे पत्र. मी त्यांना म्हटलं होतं, गुपचूप ठाण्याला जाऊन नोंदणी करू, नंतर सगळ्यांना सांगू. ते म्हणाले, "पोरीला न सांगता मी हापिसात पाय ठेवनार न्हाय. आधी तिला लिवा. ती हो म्हनो, न्हाय म्हनो, तिला तुमच्याकडनं कळाया पायजे." गेल्या आठवडाभरात मी चार कागद फाडले. मी तुझी परवानगी मागत नाहीये, आणि बाबांना विसरलेही नाहीये. माफी मागतेय, जितेंद्रची आणि तुझी. सून म्हणून ज्यांनी तुला पोटाशी धरलं त्यांना मी पायाच्या धुळीएवढं समजले, त्याची. तू लग्नाचं सांगायला आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही. आता रोज आरशात दिसतं, म्हणून कळतंय. एप्रिलमध्ये लग्नाची नोंदणी करायचा विचार आहे. तीन साक्षीदार लागतात. मंदा एक, धर्माजींचे एसटीतले मित्र बाबाजी दुसरे. तिसरी सही मला तुझी हवी आहे. जितेंद्रलाही घेऊन ये, त्याला म्हणावं, सासूनं बोलावलंय, आणि दारात उभं राहून त्याचं स्वागत करायची तिची फार इच्छा आहे. राग असेल तर राग घेऊन ये. दोन दिवस आधी ये, म्हणजे माझ्याशी पोटभर भांडायला वेळ मिळेल. मी उलटून एक शब्द बोलणार नाही. भांडून झालं की सही कर.

तुझीच, फार उशिरा शहाणी झालेली,
आई